धूसर माप

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे मापवाली म्हणतात. विषारी वायूच्या विभागात जाणाऱ्याच्या चेहऱ्याचं माप घ्यायचं आणि त्याला घट्ट बसेल असा मास्क द्यायचा, हे तिचं काम. हातात एकच कॅमेरा, मेला एकडोळ्या. चेहरा जितका धूसर, तितका तो लांब, असा त्याचा हिशोब. आणि लांबून एवढा दिसतो म्हणजे मोठाच असणार. त्यामुळे कुणी जरा हललं की फोटो धूसर येतो आणि माप फुगतं. मोठ्या मास्कला फट राहते, मग गाठ थेट जिवाशी.

आज त्या विभागात दादाची पहिली पाळी होती. त्याचं माप मोठं आलं.

“एवढंसं तुमचं तोंड! हलू नका हो,” वहिनी करवादली.

“पुतळ्यासारखा बसलोय की!”

पुन्हा मोठंच. वहिनीनं कॅमेऱ्याची काच पुसली. वरून फुशारकी आणि आतून लटपटताय, असं म्हणत तिनं एका हातानं त्याची हनुवटी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला. तो आणखीच धूसर आला.

“अगं,” दादा हळूच म्हणाला, “मी नाही, तुझेच हात थरथरतायत.”