विमानाच्या बटनावरचा संशय

पोपट गमरे महाप्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात वायरमन होता. उमेदवारीत असताना एकाने त्याला "लाइन बंद केलीय" म्हणून सांगितलं आणि पोपटच्या डाव्या तळव्याची कातडी जळली. तेव्हापासून दुसऱ्याच्या शब्दावर त्याचा भरवसा उरला नाही. बंद लाइनला तो तीनदा टेस्टर लावायचा. दुधात पाणी, रिक्षाच्या मीटरमध्ये गडबड, हे तो धरूनच चालायचा. बायको मुक्ता एकदा म्हणाली, "माझ्याशी लग्न करताना तरी तपासलं होतंत काय?" "दोनदा तुमच्या गावात चौकशी करून गेलो होतो," पोपट म्हणाला. ते खरंच होतं.

१९८३च्या डिसेंबरात त्याच कारखान्यातल्या देवजी मढवीने त्याला कामाला लावलं. देवजी टर्नर. खाडीकाठच्या गावचा, शेत नव्या शहरात गेलेला. त्याने पातळ लाकडाचं, पुरुषभर लांब पंखांचं एक छोटं विमान बनवलं होतं. दोन तारांना बांधून ते आपल्याभोवती गोल उडवायचं, मूठ हातात धरायची. त्याला बसवलेलं भंगारातलं मुठीएवढं पेट्रोल इंजिन चालायचं, पण त्याचे ठिणगी पाडणारे पॉइंट सारखे जळायचे. म्हणून पोपटने ठिणगीसाठी ट्रान्झिस्टरची एक डबी तयार करून दिली. चार सेल, डबी आणि मधे एक बटन. बटन देवजीने जुन्या रेडिओतलं काढून लावलं. पोपटला ते सरकतं बटन पहिल्यापासून आवडलं नव्हतं.

शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, दोघं सुकलेल्या मिठागरावर गेले. विमान उठलं, दीड फेरी झाली आणि इंजिन खोकून गप्प झालं. तारा ढिल्या पडल्या. विमान नाकावर आपटलं, डावा पंख मोडला.

"तुजी डबीच खराब हाय," देवजी म्हणाला.

"डबी नाही, तुझं बटन."

"रेडिओत धा वर्षां चाललाय तो!"

"रेडिओ काय असा हादरतो?"

त्यानंतर आठ दिवस कँटीनमध्ये दोघं वेगवेगळ्या टेबलांवर जेवले. देवजीने आपल्या मागे डबी उघडून बघितली असणार, असं पोपटला वाटत होतं. आपली चूक झाकायला पोपट बटनाचं नाव घेतो, हे देवजीने खात्याभर करून टाकलं होतं.

शेवटी पोपट मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन बटनं घेऊन आला. एक चकचकीत, परदेशी म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेलं. दुसरं साधं, दांडीचं, घट्ट स्प्रिंगचं. दाबलं की कट्ट वाजणारं. आता ती तपासायला इंजिनासारखं हादरणारं काहीतरी हवं होतं. देवजीच्या गावात गोजराबाईंची पिठाची गिरणी होती. गोजराबाई देवजीच्या शेजारणी, त्यामुळे त्या त्याचीच बाजू घेणार, हे पोपटने आधीच ठरवलं होतं. तरी तो गेला. पडलेल्या विमानातून काढून घेतलेल्या वायरी, सेल, सरकतं बटन आणि टॉर्चचा एक बल्ब त्याने गिरणीच्या चौकटीला सुतळीने बांधायला घेतले.

"ह्या काय बांधतंस माज्या चक्कीला? फुटल बिटल त नाय ना?" गोजराबाईंनी विचारलं.

"नाही मावशी, नुसता बल्ब आहे."

"मंग तुजा तोंड असा का झालाय?"

त्यांनी देवजीला बोलावणं धाडलं. तो येऊन हाताची घडी घालून दारात उभा राहिला. गिरणी सुरू झाली. सरकत्या बटनावर बल्ब लुकलुकायला लागला, म्हणजे मधेच करंट तुटत होता. "बघ," पोपट म्हणाला. मग त्याने परदेशी बटन लावलं. बल्ब लुकलुकलाच. मग दांडीचं लावलं. तरी लुकलुकला.

"तिन्ही बटनां खराब?" देवजी हसला.

पोपटने बल्ब बदलला, सेल बदलले. गिरणीची लाइन वर-खाली होते का, तेही विचारलं. गोजराबाई पिठाचे हात पुसत पुढे आल्या आणि वाकून पाहू लागल्या.

"बटन नाय हालत रं. त्याच्या मागचा ह्यो तुकडा हालतोय."

सेलकडून येणाऱ्या वायरीचा तो सांधा होता. कथलाचा डाग दिसायला गोल होता, पण आत वायर सुटी होती. तो डाग पोपटनेच मारला होता. बटन, बल्ब, सेल, गिरणीची लाइन, देवजी, सगळ्यांवर त्याने संशय घेतला होता. या एका सांध्याला मात्र त्याने टेस्टरसुद्धा लावला नव्हता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो सांधा चिमट्याने उपटून टाकला असता तर दारातल्या देवजीला काही कळलं नसतं.

"देवजी," तो म्हणाला, "विमान माझ्यामुळे पडलं."

देवजी जवळ आला, बोटाने वायर हलवून पाहिली. मग म्हणाला, "परत डाग मार. बटनां परत लाव. आता सगल्यांनाच बगू."

सांधा पक्का केल्यावर खरं कळलं. सरकत्या बटनावर बल्ब दहा मिनिटांनी पुन्हा लुकलुकला. परदेशी बटनाने उजेड नीट दिला, पण शेवटी ते बंद केलं तरी बल्ब जळतच राहिला. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हात लावताना हे बटन असं चिकटलं असतं तर बोटं गेली असती. देवजीने ते उचललं आणि दाराबाहेरच्या गटारात फेकून दिलं. दांडीचं बटन तासभर हादरलं, बल्ब एकदाही डळमळला नाही आणि बंद करताच विझला.

देवजीने मोडका पंख बदलला. दांडीचं बटन त्यांनी विमानाच्या अंगावर, पंख्यापासून मागे बसवलं, म्हणजे बंद करायला हात पंख्यासमोरून न्यावा लागणार नव्हता. दांडी पुढे म्हणजे चालू, मागे म्हणजे बंद, असं देवजीने लाल रंगाने लिहिलं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी विमान पुन्हा उठलं. एक फेरी, दोन, पाच. पोपट प्रत्येक फेरीला आवाजात खोट शोधत होता. अकराव्या फेरीला पेट्रोल संपलं आणि विमान मिठागराच्या पापुद्र्यावर करकर घसरत थांबलं. देवजीला गरगरत होतं. तो खाली बसला, मूठ पुढे केली आणि म्हणाला, "आता तू धर."

"मला नाही जमणार. पाडीन."

"पाड. पंखा लाकडाचाच हाय, मी दुसरा करीन."

पोपटने मूठ धरली. विमान उठलं आणि तारा ताठ झाल्या. तळव्याला तो ताण जाणवला, तेव्हा तो इतका जोरात ओरडला की दूरवर मासे सुकवणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. तिसऱ्या फेरीला त्याने विमान पाडलं. पंख्याचे दोन तुकडे झाले. रविवारपर्यंत देवजीने दुसरा करून आणला.