खोटं पकडायचं यंत्र

आमच्या घरात इलेक्ट्रॉनिक्स रमच्या बाटल्यांबरोबर आलं. वडील फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी यंत्रांवर होते. सुट्टीवर येताना कॅन्टीनच्या बाटल्या ट्रंकेत फुटू नयेत म्हणून ते त्या कागदात गुंडाळून आणायचे, आणि तो कागद म्हणजे पलटणीच्या वाचनालयातून बाद झालेली इंग्रजी छंदमासिकं. रेडिओ कसा बांधावा, घड्याळ कसं खोलावं, बंद पडलेल्या पंख्यापासून काय काय करावं, असलं सगळं त्यात असायचं. बाटल्या चुलते संपवायचे आणि कागद माझ्या वाट्याला यायचे. त्यामुळे ती मासिकं मी अंकाअंकाने कधी वाचली नाहीत, बाटलीबाटलीने वाचली. मला आलेला पहिला इंग्रजी शब्द होता कॅपॅसिटर. कडेगावजवळच्या आमच्या गावात त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

अशाच एका बाटलीवर खोटं पकडायच्या यंत्राचा लेख होता. घरच्या घरी करता येईल असं लिहिलं होतं. मी अधाशासारखी वाचत गेले आणि ऐन सर्किटच्या तोंडाशी आल्यावर खाली छापलेलं दिसलं, पुढील मजकूर पान सत्तेचाळीसवर. पान सत्तेचाळीस मामाला दिलेल्या बाटलीबरोबर गेलं होतं. मामाने ते चुलीत घातलं. त्या वयात मला जगातल्या प्रत्येक माणसाला ते यंत्र लावायचं होतं, मामापासून सुरुवात करून.

आता मी सांगलीत राहते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि दुपार नावाची एक गोष्ट अचानक माझ्या अंगावर आली. अशाच एका दुपारी टॅबवर भलतंच काही शोधताना जुन्या मासिकांचं ऑनलाइन भांडार सापडलं. कुठल्या तरी देशात कुणीतरी भला माणूस बसून एकेक पान स्कॅन करतोय. चहाच्या कपाचे गोल डाग, कात्रीने कापून नेलेली कुपनं, एका सर्किटशेजारी पेन्सिलीने रागारागाने मारलेली फुली, सगळं जसंच्या तसं. आख्खे अंक मी पहिल्यांदाच बघत होते. दोन वेळा कुकर जळला. नवऱ्याला वाटलं मी ऑनलाइन रमी खेळायला लागले, आणि त्याने तसं मुलीला कळवलंही.

पान सत्तेचाळीस मिळालं तेव्हा मला खरंच रडू आलं. सर्किट सोपं होतं. दोन ट्रान्झिस्टर, एक स्पीकर, एक बॅटरी आणि दोन्ही हातांत धरायला धातूच्या दोन पट्ट्या. माणूस खोटं बोलला की तळव्याला घाम सुटतो, विजेला वाट मिळते आणि स्पीकरचा आवाज चढत जातो. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे उपकरण निव्वळ करमणुकीसाठी आहे, यावरून कोणताही गंभीर निर्णय घेऊ नये. एवढी वर्षं जे पान मला मिळालं नव्हतं त्यावर मुख्य सूचना ही होती. मी ती वाचली आणि सोडून दिली.

तसले ट्रान्झिस्टर आता मिळत नाहीत. दुकानदाराने दुसरे दिले आणि विचारलं, "मॅडम, प्रोजेक्ट नातवाचा का?" मी म्हटलं, माझाच. तो बराच वेळ हसत होता. पट्ट्यांच्या जागी मी देवघरातल्या तांब्याच्या दोन पळ्या जोडल्या. नवऱ्याच्या हातात त्या देऊन विचारलं, भाजी कशी झाली होती? तो "छान" म्हणायच्या आधीच यंत्र किंचाळलं. मग मी त्याला त्याचं नाव विचारलं, तेव्हाही किंचाळलं. त्याने पळ्या खाली ठेवल्या आणि तो बाहेर फिरायला गेला.

त्याच आठवड्यात गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, तू ये. आबांचं काय ते मिटवू या."

आबांचं प्रकरण असं होतं. आबा म्हणजे वडील. फौजेतून आल्यापासून त्यांनी उसाशिवाय दुसरं काही बघितलं नाही. आता ते ऐंशीच्या घरात. भाऊ साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला, त्याला रानात जायला फुरसत नाही. त्याला रान खंडाने, म्हणजे वर्षाचे ठरावीक पैसे घेऊन कसायला, द्यायचं होतं, कडेगावच्या एका पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला, ज्याने अशी बरीच रानं धरली होती. आबा म्हणत, मी रोज राबतोय तोवर माझ्या रानात दुसऱ्याचा पाय नको. भाऊ म्हणे, आबा राबत नाहीत, आबांचा पायजमा संध्याकाळी सकाळइतकाच पांढरा असतो. आबांचा जीव त्या उसात होता हे मला ठाऊक होतं. रान गेलं असतं तर ते खाटेवर बसले असते आणि मग उठले नसते. मी यंत्र पिशवीत घातलं आणि एसटीत बसले.

यंत्राची बातमी गावात माझ्या आधी पोचली, कारण भावाच्या बायकोला मी फोनवर सांगितलं होतं. पहिला आला तो शेजारचा रानवाला. हा माणूस वीस वर्षं आमच्या पाटाचं पाणी रातोरात स्वतःच्या उसाला फिरवत आला आहे. हे त्याला ठाऊक आहे, आम्हाला ठाऊक आहे, पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या पाटकऱ्याला तर नक्कीच ठाऊक आहे. त्या दिवशी पहाटेच आमच्या बांधावर त्याची चिखलाची पावलं उमटली होती. भावाने पळ्या त्याच्या हातात दिल्या. देवाच्या पळ्या म्हटल्यावर त्याने आधी चप्पल काढली, शपथेला बेल-भंडारा उचलावा तशा त्या कपाळाला लावल्या आणि धरल्या.

"आमचं पानी फोडलंस का रं?"

"आईच्यान न्हाई!"

यंत्र टक, टक करत राहिलं. आवाज तसूभर चढला नाही.

मग निवृत्त हेडमास्तर आले, ज्यांनी जन्मात कुणाचा खडूसुद्धा घेतला नाही. त्यांनी पळ्या धरून फक्त स्वतःचं नाव सांगितलं, आणि यंत्राने असा गळा काढला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. गावाला इतका आनंद निवडणुकीच्या निकालालाही झाला नसेल. दिवसभर रांग लागली. ऊसतोडीवाले, गवंडी, रानात भांगलायला, तण काढायला जाणाऱ्या बायका, सगळे खरे निघाले. तलाठी, ग्रामसेवक, मेडिकलवाला आणि मी, चौघं अट्टल खोटारडे. संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला होता की यंत्र एकदम बरोबर आहे.

मला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी शेजारी पुन्हा आला, कारण ज्या यंत्राने त्याला निर्दोष सोडलं त्याच्या जवळून तो हलायलाच तयार नव्हता. मी त्याचा तळहात हातात घेऊन बघितला. नुसते घट्टे. कुदळीचे, खोऱ्याचे, कोयत्याचे, एकावर एक. त्यातून घाम बाहेर यायचा नव्हता आणि वीज आत जायची नव्हती. यंत्राला खऱ्याखोट्याशी काही देणंघेणं नव्हतं, ते नुसतं कातडं बघत होतं. मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोक्यात एक लबाड विचार आला. गावात आबांच्या हातापेक्षा टणक हात कुणाचा नव्हता. लहानपणी ते पाठीवरून हात फिरवायचे तेव्हा फ्रॉकचे धागे निघायचे. यंत्र आबांच्या हातात मुकंच राहणार. मी कुणाला काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी मीच भावाला म्हटलं, "असं कर, आबांनाच विचार. यंत्र बोललं तर तुझं खरं, नाही बोललं तर पुन्हा खंडाचं नाव काढायचं नाही."

भाऊ कारखान्यात मोठमोठे हिशेब बघतो, पण त्याने या अटीला मान डोलावली. यंत्राने तलाठ्याला पकडलं होतं, म्हणून त्याचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. आबा सोप्यात खाटेवर ताठ बसले, पलटणीत बसावं तसे. शेजारी उंबऱ्यात चहा पीत होता. मी पळ्या आबांच्या हातात दिल्या आणि निर्धास्त मागे सरकले.

भावाने विचारलं, "आबा, रोज रानात राबता का न्हाई?"

"राबतो."

यंत्र किंचाळलं.

भाऊ ताडकन उठला. "बघ आक्का! बघ!" मी घाईघाईने बॅटरी काढून पुन्हा घातली, पळ्या पुसल्या. आबांनी पुन्हा धरल्या. पुन्हा तेच. हेडमास्तरांच्या वेळी होता तसाच बारीक, लांब आवाज.

आबा भावाकडे बघत नव्हते. ते सिग्नलमधला माणूस. यंत्र कसं चालतं हे कळल्याशिवाय ते गप्प बसणारे नव्हते.

"हे नेमकं कशावर बोलतंय, पोरी?"

मला खोटं सांगता आलं असतं, पण ते समोर बसलेले असताना जमलं नाही. मी म्हटलं, "आबा, ह्याला खरंखोटं काय कळत नाही. घट्टे असले की हे गप्प बसतं. हात मऊ असला की ओरडतं."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. आबांनी पळ्या बाजूला ठेवल्या आणि दोन्ही तळवे उजेडाकडे केले. भाऊ पुढे आला. त्याने आबांचा हात हातात घेतला आणि अंगठ्याने तळवा चोळून बघितला. मीही बघितला. लहान मुलाच्या हातासारखा मऊ झाला होता. इतक्या वेळा मी गावाला येऊन गेले, पाया पडले, पण हात कधी हातात घेतला नव्हता.

"कवापास्नं, आबा?" भावाचा आवाज एकदम खाली आला होता.

"मागच्या खोडव्यापास्नं, वरीस झालं. गुडघा वाकंना झालाय."

"मग भांगलण कोण करतंय? रान तर आरशागत हाय."

"बाया लावतो पेन्शनीतनं. तुला सांगू नगा म्हणालो हुतो त्यास्नी."

"आन तुमी दिवसभर काय करता?"

"बांधावर बसतो. ऊस बघतो." मग म्हणाले, "जातो रोज. त्ये खोटं न्हाई."

भावाला जिंकल्याचा काही आनंद झालेला दिसला नाही. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आबा, खंडाचं बघू पुढं." पण आबांनी मान हलवली. त्यांचं ठरलं होतं. "न्हाई. द्यायचं तर आत्ताच दे. बाया लावून ऊस हुत न्हाई. पण त्या पांढऱ्या कपडेवाल्याला न्हाई. त्येला लावून बघा त्ये यंत्र, कान फाटत्याल." आणि त्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "ह्येला द्या."

"आबा, ह्यो पानी चोरतोय!" भाऊ ओरडला.

"चोरू दे की. आता आमच्याच उसाला पाजंल."

शेजाऱ्याने कप खाली ठेवला. वीस वर्षांत त्याच्या तोंडावर त्याला कुणी पहिल्यांदाच चोर म्हटलं होतं, आणि त्याच वाक्यात आख्खं रान दिलं होतं. तो उठला, आबांच्या पायाशी बसला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "आबा, एक अडचण हाय बगा. तुमच्या रानात पानी कुठनं कसं फिरवायचं, मला काय बी ठावं न्हाई. तुमी रोज बांधावर येऊन सांगत बसला, तर जमंल."

मी भावाकडे बघितलं, भावाने माझ्याकडे. त्या रानातल्या पाण्याचं वळणन् वळण, कुठे बांध फोडला की कुठे जातं, कुठे दगड लावायचा, हे त्या माणसाला आबांपेक्षा जास्त ठाऊक होतं, तेही अंधारात.

आबांनाही ते ठाऊक होतं.

"व्हय गड्या," ते म्हणाले, "तुला कुठनं ठावं असणार." आणि उद्या पहिलं पाणी कुठल्या बाजूनं घ्यायचं ते त्याला हातवारे करून समजावून सांगायला लागले.