नळीतले चार इंच

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या घरात मशिनी दिसाव्यात. मिस्त्रींच्या घरात फ्रिजवर पोलादी शिरस्त्राण, कपाटाच्या माथ्यावर दोन ठासणीच्या बंदुका आणि दाराआड लाकडी सांगाड्यावर अकरा किलोंचं कड्यांचं चिलखत. कागदपत्रं सगळी चोख, परवाने वीजबिलांच्या फाइलीत. तरी नवा गॅसवाला आला की सिलिंडर उंबऱ्यातच टेकवायचा. "वहिनी, दाराआड कोण उभंय?"

"माझी सवत," बायको म्हणायची. "बोलत नाही, खात नाही. माझ्यापेक्षा गुणी आहे."

ती शिवणकाम करायची. तिचं मशीन अडलं म्हणून मिस्त्री पहिल्यांदा तिच्या माहेरी आले होते. "मशीन नीट करायला आला आणि मालकिणीलाच उचलून नेली," असं तिची बहीण अजून सुनावते. बायकोला पहिली दहा वर्षं हा छंद कळला नाही. कळला तो चिलखतामुळे. भंगारवाल्याकडून ते आणलं तेव्हा गंजाचा गोळा होता. एकेक कडी मोकळी करून, जोड देऊन, खिळा ठोकून मिस्त्रींनी दोन वर्षं घालवली. छातीशी मुठीएवढं भोक होतं. त्याच्या कडेच्या सुटलेल्या कड्या तेवढ्या बांधल्या आणि हात थांबवला.

"एवढं केलंत, भोकही बुजवा की!"

"ते माझं नाही," मिस्त्री म्हणाले. "ज्याने घातलं होतं त्याचं आहे. ते बुजवलं तर तो खोटा ठरेल."

कापड उसवलं तर पुढे उसवू नये म्हणून टाका घालायचा, पण फाटलेलं नवं असल्याचा आव आणायचा नाही, हे तिला न सांगता कळण्यासारखं होतं. त्याच दिवशी तिने फ्रिजवरच्या शिरस्त्राणाखाली आपणहून कापड शिवून ठेवलं.

मिस्त्रींचा एकच कडक नियम होता. कुठलीही जुनी बंदूक हातात आली की आधी गज. नळीत गज घालायचा, तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. गज नळीच्या बुडापर्यंत पोचला तर बंदूक रिकामी. कमी भरला तर आत काहीतरी बसलंय. पूर्वीची माणसं बंदूक ठासून भरून ठेवत आणि विसरून जात, असं मिस्त्रींचं म्हणणं.

याच नियमाने मिस्त्रींचं हसं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त हवालदाराच्या बंदुकीत गज अडला. मिस्त्रींनी अख्खी इमारत खाली उतरवली. अंगाला साबण लागलेली माणसं टॉवेल गुंडाळून रस्त्यावर उभी राहिली. दोन तासांनी नळीतून निघालं कुंभारमाशीचं घरटं. वाळकी माती आणि तीन सुकलेल्या अळ्या. तेव्हापासून मिस्त्रींचं नाव पडलं 'फुसका बार'. मिस्त्री हसून सोडून देत. बायको भाजी घ्यायला जाताना आता लांबच्या रस्त्याने जायची.

आणि म्हणूनच त्या शनिवारी दुपारी नाट्यमंडळाच्या तालमीत मिस्त्रींना बघून ती दारातच थबकली.

ती नाटकासाठी शिवायला घेतलेले, टाचण्या लावलेले कोट घेऊन आली होती. मिस्त्रींना दिग्दर्शकाने बोलावलं होतं. नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात आरोपी न्यायाधीशावर बंदूक रोखून चाप ओढतो. बंदूक खरी, वाचनालयाच्या भिंतीवरची. तिच्या घोड्याखाली बसवायची तांब्याची छोटी टोपी तेवढी हवी होती. नुसती टोपी फुटली की आवाजही होतो, धूरही निघतो.

"काका, घाला आम्हाला टोपी!" दिग्दर्शकाने हात पसरला.

"देतो. आधी गज."

"झालं!" आरोपी झालेला बँकेतला कॅशियर खुर्चीत बसला. "सगळ्यांनी रस्त्यावर जायचं का? आधी सांगा, माझा चहा राहिलाय."

"गेल्या खेपेला माशी निघाली," न्यायाधीश झालेला औषधवाला म्हणाला. "यंदा मुंगी तरी निघू दे."

हशा पिकला. बायकोने मान खाली घालून उगाच एका कोटाची बाही सरळ केली.

"काका, माझ्या आजोबांच्या वेळेपासून ती भिंतीवर आहे," दिग्दर्शक म्हणाला. "पोरांनी हजारदा चाप ओढला असेल."

"टोपी लावून ओढला होता?"

"नाही... टोपी कुणाकडे होती?"

"मग? टोपीच्या ठिणगीशिवाय आतली दारू पेटेल कशी?"

मिस्त्रींनी गज आत सारला. तो अडेपर्यंत गेला, तशी तोंडाशी शिवणाच्या खडूची रेघ ओढली. मग गज बाहेर काढून बायकोपुढे धरला. "टेप लाव गं. मला जवळचं दिसत नाही."

तिने नळी बाहेरून मापली. एक्केचाळीस इंच. मग गज मापला. सदतीस. टेप सोडून पुन्हा लावला. सदतीसच.

आकडा तिच्या एकटीच्या डोळ्यांपुढे होता. एक्केचाळीस म्हटलं की संपलं. तालीम सुरू होईल, नवऱ्याला कुणी हसणार नाही, आणि नव्याण्णव टक्के आत माशीच असेल. टेपवरचं बोट चार इंच सरकवायचा अवकाश.

"किती गं?"

"सदतीस," ती म्हणाली. "बाहेरून एक्केचाळीस."

"माशी!" कॅशियर ओरडला आणि टाळ्या पडल्या.

मिस्त्रींचे कान लाल झाले. "असेलही माशी," ते म्हणाले. "निघाली तर पोटभर हसा. मीही हसेन. पण टोपी मिळायची नाही."

"काकू, तुम्ही तरी समजवा ना. आठ दिवसांवर प्रयोग आलाय."

"काय समजवू? छत्तीसची छाती मी चाळीस म्हणून लिहिली तर तुझा कोट तुला होईल का?" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "सदतीस म्हणजे सदतीस. ठासून सांगते."

मिस्त्रींनी बंदूक मागच्या अंगणात नेली, सगळ्यांना भिंतीपलीकडे उभं केलं आणि नळीत पाणी ओतलं. तासभर तशीच ठेवली. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून हळूहळू फिरवायला लागले. बूच ओढतात तसं काहीतरी सरकलं. आधी कापडाचा करडा बोळा आला. मागोमाग गोटीएवढी शिशाची गोळी फरशीवर पडून ठक वाजली. शेवटी काळा चिखल.

"एवढी जुनी दारू थोडीच पेटते," कॅशियर भिंतीआडून म्हणाला, पण हळू.

चिखलात एक खडा आतून कोरडा राहिला होता. मिस्त्रींनी तो चिमटीने पत्र्याच्या झाकणावर ठेवला आणि लांबून काडी लावली. वीतभर ज्वाळा उठली. पांढरा धूर भिंतीवरून गेला.

औषधवाला पायरीवर बसला. अंगातल्या न्यायाधीशाच्या कोटाच्या छातीवर त्याने हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. दिग्दर्शकाने पाण्याची बाटली कुणासाठी आणली होती, ते विसरून स्वतःच पिऊन टाकली.

मिस्त्रींचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते गुडघ्यांवर बसून तो ओला बोळा नखाने उलगडत होते, एखादं पत्र उघडावं तसा.

"अगं, इकडे ये. हे काय आहे बघ."

ती शेजारी बसली. कापड तळहातावर पसरलं. "सदऱ्याची पट्टी आहे. हे बघा, अर्धं काज. घाईत फाडलेली दिसते. हातशिलाई आहे, आणि..." तिने ती उन्हाकडे धरली. "डावऱ्या हाताची."

"डावऱ्या? कशावरून?"

"काका," दिग्दर्शक मागून चाचरत म्हणाला, "मग नाटकात आता काय वापरायचं?"

"लाकडाची करून देतो. सोमवारी घेऊन जा," मिस्त्री मान न वळवता म्हणाले. "थांब जरा, हिला बोलू दे. कशावरून गं डावऱ्या?"

"टाका बघा ना कसा उलटा कललाय," ती म्हणाली आणि दाखवायला पदराला खोचलेली टाचणी काढली.