पंखा फिरत होता

परवा लेकीनं नेलपॉलिश काढायला बाटली उघडली आणि ॲसिटोनच्या वासासरशी नव्वदीतली नगरच्या फार्मसी कॉलेजची लॅब आठवली. ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं औषध ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडून आम्ही डोळ्यांना न दिसणारे कण बनवायचो. घाईमुळे माझ्या बीकरमध्ये गुठळ्याच झाल्या. शेजारच्या पाथर्डीच्या मुलीचं पाणी मात्र निळसर दुधाळ झालं, आणि सरांनी ते खिडकीशी धरून सगळ्यांना दाखवलं. माझा नुसता जळफळाट झाला. ती डबा खायला गेली तेव्हा मी तिचं ढवळयंत्र बंद केलं. ती परतली तोवर तळाशी साका बसला होता. "लाईट गेल्ती व्हय?" तिनं विचारलं. मी "हो" म्हटलं. तिनं मान वर करून गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि बीकर विसळायला घेतलं. परवाही त्या वासानं माझी नजर आधी पंख्याकडेच गेली.