जुना कॉम्प्युटर मी देणार नाही म्हणजे नाही

आधीच सांगते, नवा कॉम्प्युटर मला लई आवडतो! बटण दाबलं की सुरू. जुना सुरू होईपर्यंत माझा अख्खा चहा संपायचा, आणि त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं तर माझ्याच बोटांनी पुसलीत. पण नवा आला म्हणून जुना भंगारात? का?

आमचं तिसगावात लग्नपत्रिकांचं दुकान. टायपिंग मी करते, छपाई पप्पा. नवा घेताना पप्पांनी नगरच्या दुकानदाराला जुना द्यायचं कबूल केलं, मला न विचारता! आज त्याचा टेम्पो येणार म्हणून पप्पांनी सकाळीच वायरी काढून गुंडाळून ठेवल्या.

तेवढ्यात एक काका आले, धाकट्या मुलीच्या पत्रिकेसाठी. आमच्याकडं पत्रिकेत मजकूर चार ओळी आणि भावकी अर्धं पान. एखाद्याचं नाव राहिलं तर तो मांडवात पाय ठेवत नाही. काकांच्या थोरलीची पत्रिका मीच केलेली, पण ती फाईल नव्यावर उघडेना. जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतच नाही.

"ऱ्हाऊ दे ती फाईल," काका म्हणाले. "माझी भावकी मला तोंडपाठ हाय."

ते सांगत गेले, मी धडाधड टाईप करत गेले. पप्पा खूश. "बघ, झालं पण! लागला का तुझा तो डबा?"

डबा! असला राग आला मला. टेबलाखालून जुना ओढला आणि एकेक वायर परत जोडली.

"अगं, टेम्पो येईल आता."

"येऊ द्या."

चहा मागवला, तो संपला, मग फाईल उघडली. मी जुनी नावं मोठ्यानं वाचायला लागले. काका प्रत्येक नावाला मान हलवत होते. एका नावाला मान थांबली.

"परत वाच."

वाचलं. कोपरगावला साखर कारखान्यात असलेले त्यांचे थोरले चुलतभाऊ. आज सांगताना राहूनच गेले होते.

"आयला! ह्ये स्थळ त्यानंच आणलंय की!" काका खुर्चीतून उठलेच. "आसंच छापलं आसतं तर पोरीच्या आधी त्यानं मलाच हळद लावली आसती!"

बाहेर हॉर्न वाजला. ड्रायव्हर आत आला. "कुठंय माल?"

मी खुर्ची ओढून जुन्यापुढं बसले. "हा काय. काम चालू आहे त्याच्यावर."

"उठा की ताई."

"नाही."

"अगं, मी शब्द दिलाय त्याला," पप्पा म्हणाले.

"तुम्ही दिलाय. मी नाही! अर्ध्या तालुक्याची भावकी आहे ह्याच्यात. परत कोण सांगणार सगळी?"

काका ड्रायव्हरकडं वळले. "जा बाबा तू. भावकी कुनी भंगारात देतं का?"

"आमची आसती तर मी दिली आसती," ड्रायव्हर म्हणाला आणि हसत हसत टेम्पो रिकामाच घेऊन गेला.

पप्पा दुकानदाराला फोन लावायला बाहेर गेले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. नवा कीबोर्ड पुढ्यात ओढला, जुन्या स्क्रीनवर बघितलं आणि चुलतभावाचं नाव सगळ्यात वर टाकलं.

"हां," काका म्हणाले, "आता म्होरं वाच."