नवव्या फाट्याचं माप

सगळे त्याला मापारीच म्हणायचे. समुद्राला मिळताना त्याच्या भागातली नदी नऊ फाट्यांत फुटते. दर पंधरवड्याला होडीनं फाट्याफाट्यावर जायचं, बाटली बुडवायची, पाण्याचा खारटपणा मोजून तक्त्यात भरायचा, हे त्याचं सतरा वर्षांचं काम. माणूस चोख. फक्त नवव्या फाट्यावर त्याचं पोट आड यायचं.

तिथे त्याची थोरली बहीण राहायची. बायको गेल्यापासून गरम जेवण त्याला तिथेच मिळायचं. नियमाप्रमाणे माप भरतीलाच घ्यायचं, आणि फेरीच्या दिवशी तिथे भरती यायची संध्याकाळी. पण ताईचा हुकूम, "बाराच्या ठोक्याला ये. मी दोनदा चूल पेटवणार नाही." बाराला ओहोटी असायची, वरून आलेलं गोडं पाणी फाट्यात असायचं. मापारी बाटली बुडवायचा, तक्त्यात 'भरती' लिहायचा आणि हात धुऊन जेवायला बसायचा. पुढे ताईच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, अंगणातली झाडं उभी वाळली. ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण जेवताना तक्ता कोण काढतो?

यंदा कार्यालयात यादी लागली. बांध घालून, गोडं पाणी सोडून खाऱ्या पाण्यापासून तीनच फाटे वाचवायचे, बाकीचे देवाच्या भरवशावर. नववा सगळ्यात खाली होता.

"तुमच्याच आकड्यांवरून ठरवलं," कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात गोडं पाणी तिथलं. त्याला कसली घाई?"

मापाऱ्यानं खरं काय ते सांगून टाकलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हे वर कळवलं तर तुमची एकही नोंद कुणी खरी धरणार नाही. यादीच रद्द होईल, म्हणजे ते तीनही गेले. बोला, कळवू?"

त्याच्या तोंडून हो निघालं नाही. त्याला स्वतःची किळस आली.

पुढच्या फेरीला ताईनं ताट वाढलं. "लागला का आपला नंबर? घरचा माणूस मापायला म्हटल्यावर आपण पहिलेच असणार."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "नाही, ताई. शेवटचे आहोत. मी माप ओहोटीला घेत आलो. सतरा वर्षं."

भरती-ओहोटीच्या वेळा ताईला कुणी समजावायला नकोत. वाढता वाढता तिचा हात थांबला.

"बाराला," ती म्हणाली. "वेळ तर मीच सांगायचे रे तुला."