ॲसिड म्हणजे ॲसिडच

"पोटुशी होती तवा हिनं धड खाल्लं नाही, दवाखान्याच्या गोळ्याबी घेतल्या नाही. मंग पोरगी अशी निंगन नाही तं काय?"

आई हे वहिनीच्या आईला सांगत होती. त्या नातीला भेटायला सकाळीच कोंढ्याहून आमच्याकडे पवनीला आल्या होत्या. बोलणं ओसरीवर चाललं होतं. मी आतल्या खोलीत होते, आणि वहिनी माझ्यासमोर हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

आदल्या दिवशी भाचीला नागपूरला दाखवून आणलं होतं. ती सात वर्षांची आहे. फळ्यावरचं अर्धं उतरवते आणि उठते. डबा, बॉटल, स्वेटर, रोज काहीतरी शाळेत विसरून येते. डॉक्टरांनी तिला लक्ष न टिकण्याचा विकार असल्याचं सांगितलं. कागद इंग्रजीत असतात म्हणून मी सोबत गेले होते. गरोदरपणी जेवण कसं होतं, लोहाच्या गोळ्या घेतल्या का, असं त्यांनी वहिनीला विचारलं. थोड्या घेतल्या, ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. आईच्या पोषणाचा काही भाग असू शकतो, घराण्यातूनही येतं, आणखीही बरंच असतं, एका मुलाबाबत नेमकं कारण सांगता येत नाही, ते शोधत बसू नका, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईनं त्यातलं पोषण तेवढं उचललं आणि 'थोड्या घेतल्या'चं 'घेतल्या नाही' करून टाकलं.

खाण्याचं म्हणाल तर अंडी आणि पपई आईनंच बंद केली होती. सातव्या महिन्यात भातही कमी केला. लेकरू मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल, ही तिची भीती. पण असं बऱ्याच घरी होत होतं. गोळ्यांचं मात्र माझ्यामुळे झालं.

मी तेव्हा सहावीत होते. घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच, त्यामुळे मिक्सरच्या खोक्यापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं माझ्यापुढे यायचं. मी फार बोलत नसे, पण 'येत नाही' असंही कधी म्हटलं नव्हतं. वहिनीला त्या गोळ्यांनी मळमळायचं. एका दुपारी ती पाकीट घेऊन आली.

"ताई, वाचा ना जी, काय लिहिलं आहे याच्यावर?"

मी ऐटीत वाचलं. फेरस सल्फेट अँड फॉलिक ॲसिड.

"ॲसिड? आपण संडासात टाकतो ते?"

मला माहीत नव्हतं. तेवढंच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "ॲसिड म्हणजे ॲसिडच."

ती हसली. मग नकळत तिचा हात पोटावर गेला. त्यानंतर ती एकेक गोळी मोरीत टाकायची, नर्सबाईला रिकामं पाकीट दिसावं म्हणून. मी ते दोनदा पाहिलं. घरात कुणीतरी माझं ऐकतं, याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

नववीत विज्ञानाच्या पुस्तकात जीवनसत्त्वांचा तक्ता आला. त्यात फॉलिक ॲसिड होतं, पुढे पालेभाज्या आणि डाळी. मी पान उलटलं. भाची तेव्हा अंगणभर पळायची. पोर चांगली धडधाकट आहे, असं म्हणून मी स्वतःला सोडवून घेतलं. वहिनीनंही ती गोष्ट कधी काढली नाही. ती विसरली होती की मला सांभाळून घेत होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरांसमोर तिनं माझ्याकडे पाहणंही टाळलं, तेव्हा ते कळलं.

ओसरीवर वहिनीच्या आई माझ्या आईला हळूच म्हणाल्या, "चुकलं जी तिचं. समज नव्हती. माफ करा."

मी उठून दारात गेले. चहा पाहिजे का, आईनं मला विचारलं.

"आई, गोळ्या वहिनीनं आपल्या मनानं नाही सोडल्या. त्यात ॲसिड आहे असं मी सांगितलं तिले. अन् मलेच त्याचा अर्थ माहीत नव्हता."